वॉशिंग मशीनच्या मागे

जाहिरातीत काय लिहू?
राखाडी. मध्यम उंची. वय, दातांवरून, चारेक वर्षं.
पुढच्या रकान्यात विचारलंय : स्वभाव.
अकरा आठवड्यांत मी पाहिलंय ते एवढंच :
शेपटीचं टोक,
सकाळी चाटूनपुसून रिकामं वाडगं,
आणि वॉशिंग मशीनच्या मागे, पाइपांच्या गुंत्यात
दोन डोळे,
कुणी विझवायला विसरल्यासारखे.
बाकी ताकास तूर लागू देत नाही.

आमच्या पुंता अरेनासला वारा असा
की चौकात माणसांना धरायला दोर बांधतात.
ही सापडली बंदरावर, मासळीच्या खोक्यांच्या आडोशाला,
गळ्यात निळी नायलॉनची दोरी, मांसात रुतलेली.
डॉक्टर मिलेन्कोंनी ती कापली
तेव्हा ही ओरडली नाही.
मला भीती वाटली ती त्याचीच.
नाव ठेवलं सेनिसा, म्हणजे राख.
मोठ्याने हाक मारायची सोयच नाही, उडून जाईल.

पहिलं कुटुंब आलं चेंडू घेऊन.
तिन्ही मुलं फरशीवर पालथी,
"बाहेर ये, बाहेर ये," आणि धाकटा शेवटी रडला.
मग एक गोदामवाले. "भुंकते का?"
म्हटलं, मी अजून तिचा आवाज ऐकलेला नाही.
रुबार्बच्या केकचे दोन तुकडे खाऊन गेले.
एका बाईंनी फोनवरच विचारलं,
फोटोत ती पाठमोरी का?
काय सांगणार? समोरून काढलेला फोटो
नुसत्या भिंतीचा आला होता.

"तूच ठेव," नणंद म्हणते, ओविदिया.
मी एकाहत्तर. ती चार.
गॅसच्या बिलामागे ही वजाबाकी
मी कधीच करून ठेवली आहे.

नोल्फा ओयार्सो आली सामुद्रधुनीच्या पलीकडून,
पोर्वेनीरहून. मासेमारीची जाळी दुरुस्त करते.
हातांना डांबराचा वास, बोलणं मोजकं.
आली आणि वाऱ्याने बंदर बंद झालं.
दोन रात्री अडकली माझ्याकडे.
सगळ्यात ऊब मोरीत, म्हणून तिथेच बसली,
मशीनकडे पाठ करून,
जुना स्वेटर उसवत.
मागे एकदाही वळून पाहिलं नाही.
मी दारातून म्हटलं, अगं, कुत्री बघायला आलीस ना?
म्हणाली, "तिला बघू दे की आधी."

तिसऱ्या दिवशी बोट सुटली.
कुत्री काही बाहेर आली नाही.
नोल्फा म्हणाली, "बुधवारी येते,"
आणि अर्धवट उसवलेला स्वेटर तिथेच सोडून गेली.
दुसऱ्या सकाळी तो नव्हता.
लोकरीचा एक धागा तेवढा,
ओला, मशीनखालून बाहेर आलेला.

असे चार बुधवार.
एकदा तर वादळात ती ओकत ओकत आली,
तोंड धुतलं आणि बसली जागेवर.
पाचव्या बुधवारी सेनिसा
मशीनच्या पुढे पडली होती.
मागे नाही. पुढे.
आम्ही दोघींनी त्यावर अवाक्षर काढलं नाही,
फक्त चहात साखर घालायला मी विसरले.

बोटीवर चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही.
बरंच झालं. मी काही शहाण्यासारखी दिसत नव्हते.

काल रात्री नोल्फाचा फोन :
"इथेही मशीन आहे. दोन दिवस त्याच्या मागेच होती.
आज मशीन खडखडायला लागलं
तशी बाहेर येऊन त्याच्यावर भुंकली."
कशी? मी विचारलं. आवाज कसा आहे?
ती बराच वेळ गप्प.
"घोगरा," म्हणाली. "माझ्यासारखा."

आज मी मशीन पुढे ओढून झाडलं.
माझा हरवलेला पायमोजा. लोकर.
आणि भिंतीला लागून बिस्किटं,
न खाल्लेली, अडीअडचणीला ठेवावीत तशी.
ओविदिया म्हणते, टाकून दे, उंदीर होतील.
होऊ देत.
शुक्रवारी आणखी एक येतोय, काळा, एका कानाचा.
त्याला मागे काहीतरी सापडायला हवं.